जुन्या गेम कन्सोलमधील कपॅसिटर: कधी बदलावेत आणि कसे

सेगा कंपनीचा हातात धरून खेळण्याचा गेम गिअर १९९० साली जपानमध्ये विक्रीस आला. मूळ कपॅसिटर (वीज साठवून गरजेप्रमाणे सोडणारे छोटे भाग) न बदललेला असा एखादा गेम गिअर आज हाती आला, तर त्याचा पडदा बहुधा फिकट आणि धुरकट दिसतो, आवाज स्पीकरला कान लावल्याशिवाय ऐकू येत नाही किंवा चालू केल्यावर दिवा क्षणभर लागून लगेच विझतो. त्याच्या एक वर्ष आधी आलेला निन्टेन्डोचा गेम बॉय मात्र मूळ कपॅसिटरांवर अजूनही सहसा व्यवस्थित चालतो. त्याच्या पडद्यावरच्या उभ्या ओळी गायब झाल्या असतील, तर दोष बहुधा कपॅसिटरचा नसून पडद्याला जोडलेल्या रिबन केबलच्या सुटलेल्या सांध्यांचा असतो. दोन यंत्रांचे वय जवळपास सारखे असूनही एकाचे कपॅसिटर हमखास गेलेले असतात आणि दुसऱ्याचे टिकून राहतात. हे पाहिले म्हणजे जुने यंत्र मिळाले की आधी सगळे कपॅसिटर बदलून टाकावेत, हा सर्रास दिला जाणारा सल्ला किती ढोबळ आहे ते कळते. धडधाकट सर्किट बोर्डाला जुन्या कपॅसिटरांपेक्षा निष्काळजीपणे चालवलेल्या सोल्डरिंग आयर्नचाच, म्हणजे सोल्डर हा जोडकामाचा मिश्रधातू वितळवणाऱ्या तापत्या हत्याराचाच, धोका पुष्कळदा जास्त असतो.

कपॅसिटर नेमके कशाने जातात

या लेखात बोलायचे आहे ते ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांविषयी, म्हणजे बोर्डावर उभ्या असलेल्या छोट्या धातूच्या डब्यांविषयी. डब्याच्या आत ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये इलेक्ट्रोलाइट नावाच्या द्रवात भिजवलेला कागद अशी गुंडाळी असते. धन बाजूच्या पट्टीवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच थर विद्युतरोधकाचे काम करतो. डब्याचे तोंड रबरी बुचाने बंद केलेले असते. सिरॅमिक कपॅसिटरांमध्ये असा द्रव नसतो, त्यामुळे ते वयाने सहसा बिघडत नाहीत आणि त्यांना हात लावण्याचे कारण नसते.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दोन तऱ्हांनी जातो. पहिली तऱ्हा म्हणजे सुकणे. रबरी बुचातून इलेक्ट्रोलाइट वर्षानुवर्षे कणाकणाने उडून जातो, कपॅसिटरची धारकता, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, घटते आणि त्याचा अंतर्गत रोध, ज्याला ईएसआर म्हणतात, वाढत जातो. ही क्रिया उष्णतेने वेग घेते. तापमान १० अंश सेल्सिअसने उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ठोकताळा आहे. त्यामुळे १०५ अंशांना २००० तासांची हमी असलेला कपॅसिटर ७५ अंशांना सुमारे १६,००० तास आणि ५५ अंशांना सुमारे ६४,००० तास टिकण्याची अपेक्षा धरता येते. तप्त होणाऱ्या रेग्युलेटरला (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाला) चिकटून बसवलेला कपॅसिटर त्याच बोर्डाच्या थंड कोपऱ्यातल्या भावंडांआधी का जातो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

दुसरी तऱ्हा गळण्याची, आणि बोर्डाच्या दृष्टीने तीच घातक. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनलेल्या सरफेस माउंट, म्हणजे भोकांशिवाय बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसणाऱ्या, कपॅसिटरांमध्ये ही खोड विशेष आढळते. त्या काळी अनेक उत्पादकांनी वापरलेला क्वाटर्नरी अमोनियम क्षारांचा इलेक्ट्रोलाइट ऋण टोकाशी अल्कधर्मी होतो, रबरी बूच पोखरतो आणि बाहेर पडून बोर्डावरचे तांबे खाऊ लागतो. यंत्र कपाटात ठेवून दिले तरी हे काम थांबत नाही. गेम गिअर, हातात धरण्याचा पीसी इंजिन जीटी, १९९१ चा पीसी इंजिन ड्युओ, १९९२ चे कमोडोर कंपनीचे अमिगा ६०० व १२०० हे संगणक आणि १९९३ चा अमिगा सीडी३२ ही या रोगाची ठळक उदाहरणे होत. यांपैकी एखादे यंत्र मूळ कपॅसिटरांसह मिळाले असेल, तर ते आज चालते आहे की नाही हे न पाहता कपॅसिटर काढून टाकावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. याउलट १९७७ चा अटारी २६००, १९८३ चा फॅमिकॉम आणि त्याचा परदेशी अवतार एनईएस यांत लांब पायांचे, बोर्डाच्या भोकांत बसणारे कपॅसिटर आहेत. ते सुकतात, पण सहसा गळत नाहीत. अशा यंत्रात चित्रावर सरकणाऱ्या पट्ट्या, आवाजात घरघर किंवा मधूनच आपोआप रीसेट होणे यांसारखे लक्षण दिसेपर्यंत थांबायला हरकत नाही.

२००१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यातला घड्याळ चालू ठेवणारा १ फॅरडचा सुपरकपॅसिटर आवृत्ती १.० ते १.५ मध्ये जवळपास हमखास गळतो आणि त्याच्या खालचे ट्रॅक, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या बारीक पट्ट्या, खातो. तो नुसता काढून टाकला तरी चालते. वीज तोडल्यावर तारीख-वेळ विसरली जाते, एवढाच तोटा.

दोष ओळखणे

आधी डोळ्यांनी पाहावे, भिंगातून आणि तिरप्या प्रकाशात. गळलेल्या कपॅसिटरच्या बुडाशी तेलकट ओलसरपणा असतो, आजूबाजूचे सोल्डर चकाकी जाऊन राखाडी झालेले दिसते आणि ट्रॅकवर हिरवट किंवा काळपट छटा येते. आयर्नचे टोक अशा सांध्याला लावताच कुजक्या मासळीसारखा वास येतो. हा वास आला की गळतीविषयी शंका उरत नाही. २००० सालाच्या आसपास बनलेल्या यंत्रांत मात्र वरचे झाकण फुगलेले कपॅसिटर शोधावेत, कारण त्या सुमारास सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर मोठ्या प्रमाणावर बाजारात आले होते.

साध्या मल्टीमीटरने बोर्डावर बसलेल्या कपॅसिटरची धारकता मोजण्यात फारसा अर्थ नसतो, कारण समांतर जोडलेले इतर भागही त्या मापात शिरतात. शिवाय सुकत चाललेल्या कपॅसिटरची धारकता पुष्कळदा ठीक दाखवली जाते आणि ईएसआर मात्र कित्येक पटींनी वाढलेला असतो. ईएसआर मीटर असेल तर तो बोर्डावरच वापरता येतो. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारे उपकरण) असेल तर वीजपुरवठ्याच्या ५ व्होल्टच्या रेषेवरचा तरंग, म्हणजे व्होल्टेजचा बारीक चढउतार, पाहावा. तो ५० मिलिव्होल्टच्या आत असल्यास वीजपुरवठ्याच्या कपॅसिटरांवर संशय घेण्याचे सहसा कारण नसते.

नवे कपॅसिटर निवडताना

प्रत्येक यंत्राच्या अनेक बोर्ड आवृत्त्या असतात आणि त्यांची कपॅसिटरांची यादी वेगवेगळी असते. त्यामुळे यंत्राच्या नावावर मिळणारा तयार संच घेतला तरी यंत्र उघडून बोर्डावर छापलेला आवृत्ती क्रमांक पाहावा आणि प्रत्येक जागेचे मूल्य स्वतः वाचून यादी करावी. गेम गिअरमध्ये तर मुख्य, ध्वनी आणि वीजपुरवठा असे तीन वेगळे बोर्ड आहेत. ध्वनीचा बोर्ड विसरला की बाकी सारे काम होऊनही यंत्र मुकेच राहते.

धारकता मूळ मूल्याइतकीच ठेवावी. मूळ भागांची सहनमर्यादा बहुधा अधिक-उणे २० टक्के असते, तेव्हा ३३ मायक्रोफॅरडच्या जागी ३९ चालून जाईल. परंतु जास्त म्हणजे चांगले अशा समजुतीने दुप्पट मूल्य बसवू नये. व्होल्टेजची मर्यादा मात्र मूळच्या इतकी किंवा त्याहून वरची हवी. ४ व्होल्टच्या जागी ६.३ किंवा १० व्होल्टचा भाग बिनदिक्कत घ्यावा, फक्त त्याची उंची आणि व्यास मोजून घ्यावा. कवच बंद होताना नवा डबा पडद्याच्या पाठीवर टेकतो, हे पुष्कळांना शेवटचा स्क्रू लावताना कळते. तापमान मर्यादा १०५ अंशांची असावी. निचिकॉन, पॅनासॉनिक, रुबिकॉन अशा उत्पादकांचे भाग अधिकृत वितरकाकडूनच घ्यावेत, कारण नकली कपॅसिटरांचा सुळसुळाट आहे. जुन्या साठ्यातले भागही घेऊ नयेत. ते न वापरताच म्हातारे झालेले असतात.

इलेक्ट्रोलिटिकऐवजी दुसऱ्या प्रकारचा कपॅसिटर लावावा का, यावर जाणकारांत वाद आहेत. सिरॅमिक कधीच गळत नाही हे खरे. पण त्याच्यावर विद्युत दाब (व्होल्टेज) पडला की धारकता घटते, आणि ६.३ व्होल्ट मर्यादेचा लहान आकाराचा १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक ५ व्होल्टवर निम्म्याहून अधिक धारकता गमावू शकतो. शिवाय काही रेग्युलेटरांना स्थिर राहण्यासाठी थोडा ईएसआर लागतो. तो न मिळाल्यास ते आंदोलने करू लागतात. सॉलिड पॉलिमर कपॅसिटर वीजपुरवठ्याच्या रेषांवर उत्तम काम देतात. टँटलम धातूचे कपॅसिटर टिकाऊ असतात, पण अतिदाबाने बिघडले तर शॉर्ट होऊन जळतात, म्हणून त्यांची मर्यादा प्रत्यक्ष दाबाच्या किमान दुप्पट घ्यावी. विशिष्ट गरज नसेल तेव्हा मूळच्याच जातीचा चांगला इलेक्ट्रोलिटिक मी पसंत करतो. बोर्डावर ध्रुवहीन (धन-ऋण बाजू नसलेला) कपॅसिटर असेल, तर त्या जागी ध्रुवहीनच बसवावा.

यंत्र उघडण्याआधी

निन्टेन्डो आणि सेगाच्या यंत्रांना अनेकदा विशेष आकाराचे स्क्रू असतात, गेमच्या काडतुसांसाठी (कार्ट्रिज) ३.८ मिलिमीटर आणि कन्सोलसाठी ४.५ मिलिमीटरचा बिट लागतो.

ज्या यंत्रांचा अडॅप्टर बाहेर असतो, त्यांच्या आत सहसा जीवघेणा दाब नसतो. १९९४ चे प्लेस्टेशन व सॅटर्न, १९९८ चा ड्रीमकास्ट आणि पहिला एक्सबॉक्स यांच्यात मात्र घरगुती वीज थेट आतल्या पुरवठ्यात येते. २३० व्होल्टच्या विजेवर तिथला मुख्य फिल्टर कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भारला जातो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच राहू शकतो. प्लग काढावा, १० किलोओहम ५ वॅटचा रोध विद्युतरोधक चिमट्यांनी त्याच्या दोन टोकांना १० सेकंद लावावा, आणि नंतर मल्टीमीटरने उरलेला दाब शून्याजवळ आल्याची खात्री करावी. पेचकसाने टोके जोडून ठिणगी पाडण्याची पद्धत धोकादायक आहे, ती टाळावी. गेम गिअरच्या मूळ पडद्यामागे छोटी फ्लुरोसंट नळी असून तिला शेकडो व्होल्टचा दाब दिला जातो, म्हणून यंत्र चालू असताना उघड्या बोर्डाला हात लावू नये.

साधनांमध्ये तापमान नियंत्रित आयर्न आणि छिन्नीसारखे चपटे टोक, सोल्डर नीट वाहावे म्हणून लावायचा द्रव किंवा जेल फ्लक्स, सोल्डर शोषणारी तांब्याची विणलेली पट्टी म्हणजे विक, सोल्डर ओढण्याचा पंप, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश एवढे पुरते. सोल्डर ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेले घ्यावे. ते १८३ अंशांना वितळते, तर शिसेविरहित सोल्डरला साधारण २१७ अंश लागतात. या जुन्या बोर्डांवर मुळातच शिशाचे सोल्डर असते, तेव्हा जास्त उष्णता मागणारे सोल्डर वापरून पॅडना (भाग जिथे सोल्डर होतात त्या तांब्याच्या चकत्यांना) ताण देण्याचे कारण नाही. खोलीत हवा खेळती ठेवावी आणि काम झाल्यावर हात धुवावेत.

जुने कपॅसिटर काढणे

बोर्डाची स्वच्छ छायाचित्रे घ्यावीत आणि कागदावर प्रत्येक कपॅसिटरची जागा, मूल्य आणि ऋण टोकाची दिशा लिहावी. ॲल्युमिनियमच्या डब्यावर काळी खूण किंवा पट्टा असतो तो ऋण बाजूचा. टँटलमवरचा पट्टा याच्या नेमका उलट, धन बाजू दाखवतो, आणि या एका फरकाने बरेच टँटलम स्फोट पावले आहेत. सरफेस माउंट कपॅसिटरच्या प्लास्टिकच्या बैठकीचे दोन कोपरे तिरपे कापलेले असतात. ती बाजू धन. बोर्डावरच्या छापील खुणेवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. कमोडोरच्या काही बोर्डांवर छपाईच उलटी आहे. कोणते पॅड ग्राउंडला (बोर्डाच्या शून्य व्होल्टच्या सामाईक रेषेला) जोडलेले आहे ते मल्टीमीटरने तपासले की बहुतेक ठिकाणी ऋण बाजू निश्चित होते.

गळलेल्या बोर्डावर आयर्न लावण्यापूर्वी अल्कोहोल आणि ब्रशने सांधे पुसून घ्यावेत. काळवंडलेले सोल्डर उष्णता घेत नाही, आणि ती घ्यावी म्हणून टोक दाबून धरले की पॅड उखडते. आधी फ्लक्स लावावा, मग ३३० ते ३५० अंशांच्या टोकाने जुन्या सांध्यावर नवे सोल्डर चढवावे. नवे सोल्डर जुन्यात मिसळून चकाकू लागले म्हणजे सांधा मोकळा व्हायला तयार झाला.

सरफेस माउंट कपॅसिटर काढण्याच्या चार पद्धती प्रचलित आहेत. दोन आयर्न असतील तर दोन्ही पॅड एकाच वेळी तापवून भाग अलगद सरकवणे ही सर्वात सौम्य पद्धत. एकच आयर्न असेल, तर बारीक कातरीने डबा बैठकीच्या वर आडवा कापावा, उरलेली गुंडाळी आणि प्लास्टिक काढावे आणि दोन पाय एकेक करून तापवून उचलावेत; कापताना बोर्डाला वर ओढणारा जोर लागता कामा नये. डबा पक्कडीत धरून खाली दाबत पिळून तोडण्याची तिसरी पद्धत झटपट आहे आणि निरोगी बोर्डावर ती यशस्वीही होते, परंतु इलेक्ट्रोलाइटने पॅडखालचा गोंद आधीच कमकुवत केलेला असेल तर पायाबरोबर ट्रॅकही निघून येतो. गळलेल्या बोर्डासाठी ती वापरू नये. गरम हवेने काढताना आतला द्रव उकळून डबा उडू शकतो आणि शेजारचे प्लास्टिक कनेक्टर वितळतात, म्हणून हा मार्ग सरावलेल्यांनीच, उष्णतारोधक टेप लावून, पत्करावा.

लांब पायांच्या कपॅसिटरांत कस लागतो तो ग्राउंडच्या पायाशी. तिथे तांब्याचा मोठा पत्रा उष्णता ओढून घेतो आणि एक पाय सुटला तरी दुसरा हलत नाही. अशा वेळी ३५० अंशांवर मिनिटभर रेंगाळण्यापेक्षा ३८० अंशांवर तीन-चार सेकंदांत काम उरकणे बोर्डाला कमी त्रासाचे ठरते. दोन्ही पाय आळीपाळीने तापवून कपॅसिटर थोडा थोडा डोलवत बाहेर घ्यावा. सोल्डर पुरते वितळण्याआधी ओढले की भोकाच्या आतले तांब्याचे अस्तर पायासोबत निघते आणि वरच्या-खालच्या थरांचा संबंध तुटतो.

सफाई आणि ट्रॅकची दुरुस्ती

घाईत सर्वात जास्त दुर्लक्ष होते ते या टप्प्याकडे. नवे कपॅसिटर बसवले आणि इलेक्ट्रोलाइट खाली तसाच राहिला, तर तो त्यांच्याखाली आपले काम चालूच ठेवतो.

पॅडवरचे जुने सोल्डर फ्लक्स लावलेल्या विकने उचलून घ्यावे. विक पॅडवर घासू नये. ठेवावी, तापवावी, उचलावी. उरलेला अंश अल्कलीचा असल्याने कापसाच्या काडीवर थोडे पांढरे व्हिनेगर घेऊन पुसल्यास तो निष्प्रभ होतो, मात्र त्यानंतर डिस्टिल्ड पाण्याने आणि शेवटी अल्कोहोलने जागा स्वच्छ करून बोर्ड पूर्ण वाळू द्यावा. व्हिनेगर मागे राहिले तर तेही तांब्याला सोडत नाही.

आता प्रत्येक पॅडपासून त्याचा ट्रॅक जिथे जातो त्या पुढच्या भागापर्यंत मल्टीमीटरने जोड तपासावा. कपॅसिटरच्या डब्याखाली लपलेली बारीक भोके, ज्यांतून ट्रॅक बोर्डाच्या दुसऱ्या बाजूला उतरतो, ती आधी तपासावीत. वरून ठीक दिसणारे भोक आतून खाल्लेले असते. हिरवट झालेल्या ट्रॅकवरचा रंगाचा थर फायबरग्लासच्या पेनने हलकेच खरवडावा, तांबे लखलखीत दिसले की फ्लक्स लावून त्यावर सोल्डरचा पातळ थर चढवावा. पॅडच गेले असेल, तर ट्रॅकचे टोक खरवडून ०.२५ मिलिमीटर जाडीची तार तिथे सोल्डर करावी आणि कपॅसिटरच्या पायापर्यंत आणावी. कपॅसिटरचे शरीर मग चिकटवणाऱ्या पदार्थाने बोर्डाला पक्के करावे, नाहीतर पडलेला ताण त्या तारेवर येतो.

नवे कपॅसिटर बसवणे

एका पॅडवर थोडे सोल्डर ठेवावे, चिमट्यात धरलेला कपॅसिटर जागेवर आणावा, ते सोल्डर वितळवून त्यात पाय रुतवावा, भाग सरळ बसला आहे का पाहावे आणि मगच दुसरा पाय सोल्डर करावा. त्यानंतर पहिल्या सांध्याला फ्लक्स लावून तो पुन्हा एकदा वाहता करावा. प्रत्येक भाग बसवण्यापूर्वी दिशा कागदावरील नोंदीशी ताडून पाहावी. छायाचित्र आणि नोंद जुळत नसतील, तर मल्टीमीटरने ग्राउंड पुन्हा शोधावे.

सरफेस माउंट पॅडवर लांब पायांचा कपॅसिटर आडवा निजवून लावता येतो. पाय आखूड करून टोकाशी वाकवावेत आणि उघड्या पायांवर विद्युतरोधक नळी चढवावी. दिसायला ते तितकेसे नीटनेटके होत नाही, पण उंची कमी राहते.

पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी

फ्लक्स धुऊन बोर्ड वाळल्यावर ५ व्होल्टची रेषा आणि ग्राउंड यांच्यातील रोध मोजावा. आकडा हळूहळू चढत जात असेल, तर कपॅसिटर भारले जात आहेत आणि सर्व ठीक आहे. तो शून्याला चिकटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि तो सापडेपर्यंत वीज देऊ नये. प्रवाह मर्यादित करता येणारा पुरवठा असल्यास मूळ अडॅप्टरवर लिहिलेल्या प्रवाहाइतकी मर्यादा ठेवावी. अडॅप्टरचीही ओळख पटवून घ्यावी. एनईएसचा मूळ अमेरिकी अडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो, तर फॅमिकॉमला डीसी लागते. सेगाच्या पहिल्या मेगा ड्राइव्हच्या अडॅप्टरची मधली पिन ऋण असते, आणि आज मिळणाऱ्या बहुतेक सर्वसाधारण अडॅप्टरांची धन. चुकीचा अडॅप्टर लावल्यास नुकतेच बसवलेले कपॅसिटरही उलट्या दाबाने जाऊ शकतात.

यंत्र चालू झाल्यावर ५ व्होल्टची रेषा मोजावी आणि तासाभराने, आतून तापल्यावर, पुन्हा मोजावी. गेम गिअरमध्ये कॉन्ट्रास्टचे चाक नव्याने फिरवून घ्यावे लागते, कारण बिघडलेल्या कपॅसिटरांसाठी केलेली त्याची जुनी जुळणी आता पडदा काळा किंवा पांढराफटक दाखवते. आवाज अजूनही क्षीण असेल, तर नव्या कपॅसिटरांना दोष देण्याआधी आवाजाचे चाक अल्कोहोलने धुवावे आणि ध्वनीच्या बोर्डावरची कपॅसिटरांखालची भोके पुन्हा मोजावीत. तापल्यावर ५ व्होल्ट ४.७५ च्या खाली घसरत असतील, तर मुख्य बोर्ड तसाच राहू द्यावा आणि वीजपुरवठ्याच्या बोर्डावरचा रेग्युलेटर व त्याचे कनेक्टर तपासायला घ्यावेत.